खिसे उलटे करणारे मास्तर

मी हडसनच्या उपसागराला नारळ वाहिला.

हे वाक्य पहिल्यांदा नातीसमोर बोलले तेव्हा तिने फोनमधून मान वर न काढता विचारलं, "आजी, यू लिटर्ड द आर्क्टिक?" मी म्हटलं, अगं कचरा काय म्हणतेस, हळदीकुंकू लावलेला, शेंडी ठेवलेला चांगला नारळ होता. तर म्हणाली, "ओके. डेकोरेटेड लिटर."

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. अठ्ठावन्न म्हणजे अक्कल यायच्या आधीचं वय. बँकेतून नुकती रिटायर झाले होते, टोरोंटोच्या मराठी मंडळींत माझ्या शब्दाला वजन होतं, निदान मला तसं वाटायचं, आणि जगात आपल्याला न समजणारी गोष्ट एकच, ती म्हणजे बेसमेंटमधला, घर गरम ठेवणारा फर्निस, अशी माझी समजूत होती. फर्निस आमचे हे दुरुस्त करायचे. त्यामुळे घरात तेवढंही अज्ञान शिल्लक नव्हतं.

अशा अवस्थेत मी मास्तरांच्या हाती सापडले.

मास्तरांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. ते वसईकडचे, ख्रिस्ती, धंद्याने स्वयंपाकी. टोरोंटोच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये होते. एका उन्हाळ्यापुरते उत्तरेला कुठल्याशा कॅम्पवर जेवण करायला म्हणून गेले आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर "परतीच्या गाडीत बसायचं राहून गेलं." ते राहिलं त्याला मी भेटले तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. मास्तर हे नाव मी ठेवलं. पहिल्याच सकाळी त्यांनी मला सहा माणसांच्या रांगेत उभं करून खिसे उलटे करायला लावले, आणि मला एकदम चौथीचा वर्ग आठवला. त्यांनीही नावाबद्दल तक्रार केली नाही. मला ते 'बाई' म्हणत. या देशात पस्तीस वर्षांत मला कुणी इतक्या सरळपणे बाई म्हटलं नव्हतं.

गाव चर्चिल. मॅनिटोबाच्या अगदी वरच्या टोकाला, हडसनच्या उपसागराच्या काठावर. तिथे गाडीरस्ता जात नाही. विमानाने जा, नाहीतर विनिपेगहून आगगाडीत दोन रात्री काढा. थंडीत समुद्र गोठला की पांढरी अस्वलं बर्फावर जाऊन सील मारतात. उन्हाळ्यात बर्फ विरघळला की काठावर येतात आणि पुढचा बर्फ धरेपर्यंत जवळजवळ उपाशीच पडून राहतात. त्याच उन्हाळ्यात नदीच्या मुखाशी बेलुगा येतात, म्हणजे पांढरे देवमासे, झुंडीच्या झुंडी. गावातले लोक गाडीचं दार लॉक करत नाहीत. रस्त्यात कुणाला अस्वल भेटलं तर समोर दिसेल त्या गाडीत शिरता यावं म्हणून. आमच्या ह्यांना हे इतकं आवडलं की परत आल्यावर त्यांनी मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी उघडी ठेवायला सुरुवात केली. तिथे अस्वल आलं नाही, पण छत्री गेली.

मास्तरांचं घर गावाच्या शेवटच्या रस्त्यावर. वर तीन खोल्या पाहुण्यांना, खाली स्वयंपाकघर, आणि धक्क्यावर एक मोठी रबरी बोट. एका वेळी सहाच माणसं. सातवं कितीही ओळखीचं असलं तरी नाही. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत, वाचणारं कुणी येवो न येवो: 'अस्वल तुम्हाला दिसेल याची हमी नाही. तुम्ही अस्वलाला दिसाल याची आहे.'

रोज सकाळी बाहेर पडायच्या आधी मास्तर पडवीत येऊन एकच शब्द उच्चारायचे: "खिसे." जपान, जर्मनी, व्हँकुव्हर, कुठूनही आलेला माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत तो शब्द शिकलेला असायचा. सगळे रांगेत खिसे उलटे करत. मग मास्तर जुन्या टूथब्रशने बुटांच्या तळव्यांतली माती काढत, जॅकेटच्या वेल्क्रोमध्ये टाचणी घालून काडी-कचरा उकरत, सॉक्स चष्म्याच्या टोकाशी धरून तपासत. कशासाठी, तर बी शोधायला. इथे उन्हाळा मोजून दोन महिन्यांचा. इथल्या झाडांनी वीतभर जागा धरायला आयुष्य घातलेलं. "तुमच्या सॉक्समधून टोरोंटोचं गवत उतरलं," ते म्हणायचे, "तर ते या गरिबांना विचारून थोडंच वाढणार आहे?"

सापडलेलं प्रत्येक बी छोट्या बाटलीत जायचं, बाटलीवर चिठ्ठी लागायची, आणि बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर, हळद-मिरचीच्या शेजारी. आमच्याबरोबर लंडनचे एक प्रोफेसर होते. इथल्या लंडनचे, ओंटारियोतल्या. युनिव्हर्सिटीत वनस्पतीच शिकवायचे. त्यांच्या पँटच्या दुमडीत गवताचं कुसळ निघालं. मास्तरांनी लगेच चिठ्ठी लिहिली: 'लंडन. प्रोफेसर.' पुढे बीचं नाव लिहायलाही त्यांनी त्या बिचाऱ्यालाच बसवलं. माझ्या स्वेटरच्या खिशात तीळ सापडला. संक्रांतीपासून तो माझ्याबरोबर फिरत होता. मी म्हटलं, "मास्तर, भाजलेला आहे, उगवणार नाही." मास्तर म्हणाले, "बाई, माझा विश्वास तिळावर आहे. माणसावर नाही." बाटली लागली.

पुढे काही उन्हाळ्यांनी हे खिशांचं काम मास्तरांनी माझ्याकडे दिलं. मी पाहुण्यांच्या टोपीची अस्तरंसुद्धा उलटी करायचे. आमचे हे म्हणायचे, चोराला फौजदार केलं की असंच होतं.

फोनचं तर विचारूच नका. बोट धक्क्यावरून सुटायच्या आधी सगळ्यांचे फोन आणि कॅमेरे एका जुन्या पाच लिटरच्या कुकरमध्ये जायचे. झाकण लागायचं. पहिला अर्धा तास कुकर उघडायचा नाही. "आधी डोळ्यांनी बघा, मग त्याला दाखवा," हा नियम. व्हँकुव्हरहून आलेला एक तरुण नवरा होता, सिनेमाच्या कॅमेऱ्यावर काम करणारा. तो अगदी काकुळतीला आला. त्याच क्षणी एक देवमासा बोटीशेजारी कुशीवर वळून त्याच्याकडे बघत होता, आणि हा कुकरकडे बघत होता. त्याच्या बायकोने त्याची हनुवटी धरून मान फिरवली. संध्याकाळी तो म्हणाला की कामाला लागल्यापासून फ्रेमशिवाय काही पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. मास्तर म्हणाले, "वाढू का अजून?" कौतुक आलं की ते असे भाताकडे वळायचे.

बोटीतही त्यांची तऱ्हा वेगळी. देवमाशांच्या मागे जायचं नाही. ठरलेल्या अंतरावर इंजिन बंद करायचं आणि बसायचं. ते आले तर आले. "आपण बेल वाजवलीय," मास्तर म्हणत. "आता दार उघडायचं की नाही ते घरचे ठरवतील." कधी तासभर कुणी फिरकायचं नाही. डास मात्र फिरकायचे. उत्तरेत डास असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी थंडीसाठी सात स्वेटर नेले होते आणि डासांसाठी काही नाही. बरोबर एक पैठणीही नेली होती, कारण मागे अस्वल आणि पुढे पैठणीतली मी असा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा बेत होता. मास्तरांनी पैठणी हातात घेतली, काठ निरखला आणि म्हणाले, "मोर छान आहे. त्याला बॅगेतच राहू दे. बाहेर थंडी आहे."

आता दगडफुलाचं सांगते, म्हणजे नारळाच्या गोष्टीला माझी तयारी कशी झाली ते कळेल.

पहिल्या दुपारी आम्ही गावाबाहेरच्या खडकांवर गेलो. जायचं ते फक्त उघड्या खडकावरून, एकामागे एक, मातीवर पाऊल नाही. मास्तर पुढे, खांद्याला बंदूक. जन्मात कधी झाडलेली नाही आणि झाडायची वेळ येऊ नये म्हणूनच ती बाळगतो, असं ते म्हणायचे. खडकांवर करडी, काळी, नारिंगी बुरशीसारखी फुलं चिकटलेली. मी वाकून बघितलं आणि माझा आनंद गगनात मावेना. दगडफूल. गोडा मसाल्यात पडतं ते. ब्रॅम्प्टनच्या ग्रोसरीत एवढीशी पुडी मिळते, तीही जुनाट वासाची, आणि इथे अख्खं रान फुकट. मी नखाने एक कड उचकटलीसुद्धा.

"बाई."

मी हात मागे घेतला.

"त्यांचं वय विचारलंत?" मास्तर शांतपणे म्हणाले.

"कुणाचं?"

"ज्यांना नख लावलंत त्यांचं. तुमच्या पणजीच्या लग्नात ते एवढे होते." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "आता एवढे झालेत." पुढचं पेर दाखवलं. "वडीलधारे आहेत. अहो म्हणा आणि बाजूने जा."

सगळ्यांसमोर मला एका दगडावरच्या दगडफुलाची माफी मागावी लागली, अहो-जाहो करून. त्यानंतर मास्तर खडकांवरून चालताना "जरा जातो हं काका" असं पुटपुटत चालतात हे माझ्या लक्षात आलं. जुन्या दगडफुलांना ते काका म्हणत, वाढत्या विलोच्या झुडपांना अरे-तुरे करत. प्रोफेसर वहीत टिपून घेत होते.

त्याच रात्री जेवताना त्यांनी पोरग्याबद्दल सांगितलं.

पोरगं म्हणजे एक कोवळा नर, आईपासून नुकताच सुटलेला, डावा कान फाटका. त्या उन्हाळ्यात तो गावाच्या जवळच्या किनाऱ्याला येऊन पडला होता. जूनमध्ये कुणाच्या तरी केबिनबाहेर राहिलेलं कुत्र्यांच्या खाण्याचं पोतं त्याने फाडून खाल्लं. अस्वलांवर गस्त घालणारे सरकारी लोक असतात. त्यांनी त्याच्यावर नजर ठेवली होती. माणूस दिसला की खायला मिळतं हे अस्वलाच्या डोक्यात एकदा बसलं की ते माणसाकडे यायला लागतं, आणि मग एका दिवशी कुणीतरी मरतं, बहुतेक वेळा अस्वलच. म्हणून गस्तीवाल्यांनी सांगून ठेवलं होतं की पुन्हा एकदा जरी त्याच्या तोंडाला माणसाचं अन्न लागलं, तर त्याला पकडायचं. गावाबाहेर जाड भिंतींची एक इमारत आहे. पकडलेलं अस्वल समुद्र गोठेपर्यंत तिथे कोंडून ठेवतात, खायला न देता, सवय लागू नये म्हणून. गावकरी तिला तुरुंगच म्हणतात.

"दीड महिना झाला, पुन्हा कशाला तोंड न लावता काढलाय त्याने," मास्तर म्हणाले. "म्हणून सांगतो, बोटीतून, खिशातून, हातातून काही म्हणजे काही पडता कामा नये. शेंगदाणासुद्धा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझा नारळ त्या वेळी वरच्या खोलीत, बॅगेत, दोन लोकरी मोज्यांत झोपला होता.

तुम्ही म्हणाल, बाई, ऐकून-सवरून असं कसं? तर माझं तेव्हाचं तर्कशास्त्र सांगते. शेंगदाणा म्हणजे खाणं. नारळ म्हणजे खाणं नव्हे. नारळ फोडला की मग ते खोबरं, म्हणजे खाणं. तोपर्यंत तो देवाचा. मी रेवदंड्याची. नारळी पौर्णिमेला समोर समुद्र असताना नारळ न वाहणं म्हणजे मामाच्या घरी जाऊन मामीशी न बोलणं. आणि त्या वर्षीची पौर्णिमा नेमकी आमच्या मुक्कामात, तिसऱ्या दिवशी येत होती. हे योगायोगाने झालं असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मी पंचांग बघून बुकिंग केलं होतं.

त्या सकाळी "खिसे" झालं तेव्हा माझे खिसे लख्ख होते. मास्तरांनी मान हलवून शाबासकीसुद्धा दिली. नारळ आमच्या ह्यांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत होता. त्यातली मोठी लेन्स काढून मी तिच्या जागी नारळ बसवला होता आणि ह्यांना सांगितलं नव्हतं. बॅग कुकरमध्ये मावत नसल्यामुळे फक्त कॅमेरा आत गेला, बॅग आमच्या पायाशी राहिली. अर्ध्या तासाने कुकर उघडला. ह्यांनी लेन्ससाठी बॅगेत हात घातला. हाताला शेंडी लागली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात बाहेर काढला आणि शांतपणे चेन लावली. तीस वर्षांच्या संसारात माणूस काय शिकतो म्हणाल तर हे.

बोटीच्या उजव्या अंगाला देवमासे आले. पाच-सहा मोठे, दुधासारखे पांढरे, आणि एक करडं पिल्लू. पिल्लं करडी असतात. पाण्याखालून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शिट्ट्या, चिवचिव, दार करकरल्यासारखे आवाज. सगळे तिकडे वाकलेले. मी डावीकडे सरकले, चेन उघडली, मनातल्या मनात दोन शब्द बोलले आणि नारळ अलगद पाण्यात सोडला. डोळे मिटून नमस्कार केला. मन भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

डोळे उघडले तेव्हा नारळ बोटीला वळसा घालून उजवीकडे निघाला होता.

करड्या पिल्लाने तो बघितला. नाकाने ढकलला. नारळ गिरकी घेऊन वर आला. पिल्लाने पुन्हा ढकलला. बोटीत हशा पिकला. व्हँकुव्हरची ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मास्तरसुद्धा हसले, पण अर्धंच. मग त्यांना शेंडी दिसली. वसईच्या माणसाला शेंडी ओळखायला दुर्बीण लागत नाही.

"नारळ कोणी टाकला?"

हे त्यांनी मराठीत विचारलं. बोटीत मराठी कळणारे तिघेच होते, त्यांतले एक ते स्वतः. आमचे हे आभाळाकडे बघायला लागले. मी देवमाशांकडे. बाकीचे सगळे आमच्या तोंडांकडे.

इंजिन चालू करून नारळ उचलायला जाणं शक्य नव्हतं. देवमासे बोटीला लागून होते आणि त्यांच्यात इंजिन फिरवायचं नाही हा मास्तरांचा नियम होताच, शिवाय पंख्याने पिल्लू कापलं गेलं असतं. पिल्लाला खेळ पुरला तेव्हा नारळ हाताबाहेर गेला होता. भरती चढत होती. भरतीबरोबर तो किनाऱ्याकडे निघाला, ठुमकत ठुमकत, हळदीकुंकू लावलेला. किनाऱ्यावर खडकांच्या आड एक मळकट पांढरा ढीग होता. प्रोफेसरांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले की डावा कान फाटलेला आहे.

मग कुणी हसलं नाही.

मास्तरांनी वायरलेस उचलला आणि गस्तीला कळवलं. त्यांचं इंग्रजी नेहमी मोजकं असे. माझ्या बोटीतून खाण्याची वस्तू पाण्यात पडली आहे, अस्वलाच्या दिशेने चालली आहे. चूक बोटीची आहे, अस्वलाची नाही, हे आधी लिहून घ्या. पलीकडून बाईचा आवाज आला: कुणी टाकली?

"मी," मास्तर म्हणाले.

तेव्हा मी उभी राहिले. रबरी बोटीत उभं राहायचं नसतं. बोट कलली, ह्यांनी माझं जॅकेट धरून मला खाली ओढलं आणि बसल्या बसल्याच मी इंग्रजीत ओरडले की नारळ माझा आहे, टाकला मी, आणि लपवूनही आणला मीच.

"मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. "आता हळू बोला. ते जागं आहे."

ते जागं झालं होतं. उठलं, आळोखेपिळोखे दिले, नाक वर करून हवा हुंगली. खडकांवरून उतरून पाण्याशी आलं. नारळ तेवढ्यात दोन दगडांमध्ये अडकला होता. त्याने तो पंजाने बाहेर काढला. उलटा केला. सुलटा केला. शेंडी दातात धरून ओढली. मी आयुष्यात पुष्कळदा देवाला हात जोडलेत, पण माझा नारळ कुणी फोडू नये म्हणून तेव्हा पहिल्यांदाच. शेजारी मास्तर ओठ न हलवता काहीतरी पुटपुटत होते. आम्ही दोघे बहुधा वेगवेगळ्या दारांवर एकच अर्ज करत होतो.

पोरगं नारळावर पंजा ठेवून बसलं. जोर दिला. नारळ निसटून बाजूला उडाला. ते पुन्हा त्याच्या मागे गेलं.

किनाऱ्याच्या रस्त्यावर गस्तीचा ट्रक येऊन थांबला. मोठा बार झाला, नुसत्या आवाजाचा. पोरगं दचकून हातभर उडालं आणि नारळ तिथेच टाकून खडकांवरून आत पळत सुटलं. पळताना त्याचं ढुंगण असं काही हलत होतं की एरवी मी हसून लोळले असते. ते दिसेनासं झाल्यावर गस्तीवरची बाई बंदूक घेऊन खाली आली आणि वाकली.

वायरलेस खरखरला. "हे काय आहे? याला केस आहेत."

"अख्खं आहे का?" मास्तरांनी विचारलं.

ती उलटसुलट करून बघत होती. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक.

"अख्खं आहे. केस ओले आहेत."

मास्तरांनी डोक्यावरची कानटोपी काढली. ती ऑगस्टमध्येही त्यांच्या डोक्यावर असे. खालचं टक्कल त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्यांनी छातीवर क्रूस केला, टोपी घातली, आणि इंजिन चालू केलं.

धक्क्यावर गस्तीवरच्या बाईने नारळ माझ्या हातात दिला. वयाने ती माझ्या मुलीएवढी असेल. रागावली नाही. फक्त सांगितलं की खाल्लेलं काही नाही, म्हणून आज त्याला पकडणार नाही. पण बोटीतून काहीतरी येतं हे त्याला कळलं की नाही, ते आज सांगता येत नाही. आता ते बोट दिसली की पळतं का जवळ येतं, त्यावर ठरेल. जवळ आलं की मग इमारत.

वर जाऊन मी बॅग भरायला घेतली. आमचे हे पलंगावर बसून बघत होते. म्हणाले, "गाडी परवा आहे. तोवर काय फलाटावर बसणार आहेस?" मग थोड्या वेळाने, "माझी लेन्स कुठे आहे?"

शेवटी खाली उतरले. मास्तर स्वयंपाकघरात होते. नारळ फोडून झाला होता आणि ते विळीवर बसून खवत होते. विळी त्यांनी वसईहून आणलेली.

"पुरावा नष्ट करतोय," वर न बघता म्हणाले. "माशाच्या कढीत."

मी म्हटलं, "मास्तर, रागवा तरी."

"रागवून काय करू. माझ्या शेजारणीही टाकायच्या. आम्ही पोरं किनाऱ्यावर बसून ते वाहून यायची वाट बघायचो." खोबरं ताटात झटकून ते पुढे म्हणाले, "तिकडे तो नारळ कुणालाही सापडला तरी चालायचं, बाई. इकडे कुणाला सापडतो ते बघावं लागतं. एवढाच फरक."

मी त्यांच्या हातातून विळी घेतली आणि उरलेली वाटी खवली. कढी उत्तम झाली होती. प्रोफेसरांनी तीनदा घेतली. मी मात्र घास गिळताना खिडकीतून किनाऱ्याकडे बघत होते.

टोरोंटोला परतल्यावर दर रविवारी मी मास्तरांना फोन करायला लागले. पोरगं दिसलं का? बोटीजवळ आलं का? मास्तर वैद्यासारखं मोजकं सांगायचे. लांब आहे. झोपलंय. काल नदीपलीकडे होतं. आमचे हे म्हणायचे, मुलीच्या बाळंतपणातसुद्धा तू एवढी चौकशी केली नव्हतीस. मी म्हणायचे, मुलीच्या बाळंतपणात माझी चूक नव्हती. नोव्हेंबरात एका सकाळी मी अंगणातला बर्फ शोव्हल करत असताना त्यांचाच फोन आला. समुद्राने बर्फ धरला होता आणि पोरगं बर्फावर उतरून गेलं होतं, गावाकडे न वळता. मी फावडं तिथेच टाकून घरात आले आणि शिरा केला.

पण ते तेवढ्यापुरतं होतं. खरं कळणार होतं उन्हाळ्यात, बर्फ विरघळून ते परत काठावर येईल तेव्हा. तो हिवाळा मी कसा काढला ते मला विचारू नका. मंडळाच्या संक्रांतीला सगळ्यांच्या खिशांतले तीळ वेचत होते म्हणतात.

मास्तर आता ऐंशीच्या पुढे आहेत. व्हँकुव्हरला मुलीच्या कॉन्डोत राहतात. घरी आलेल्यांचे फोन अजून कुकरमध्ये जातात अशी तिची तक्रार आहे, आणि बाल्कनीतल्या कुंडीत उगवलेल्या शेवाळाला तिला हात लावू देत नाहीत. परवा मी त्यांना विचारलं, मास्तर, त्या दिवशी वायरलेसवर 'मी' का म्हणालात? तर म्हणाले, आठवत नाही, आणि भाताची चौकशी करायला लागले.

पण त्यांचं एक बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. त्या नारळाच्या पुढच्या वर्षी, जुलै महिन्यात, भर दुपारी फोन वाजला. मी भाजी टाकून धावले. मास्तरांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ सुरुवात केली:

"बाई, पोरगं आलंय. आज बोट दिसली, मच्छीचा वासही गेला असेल नाकात, पण मान फिरवून आपल्या वाटेने गेलं. तेवढं तुम्हालाही जमणार असेल, तर तिकीट काढा."